उत्तर : पोट आधी बिघडलं की मन आधी घाबरलं?

ज्यांनी प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. वय तिशीच्या आत, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी, कंपनीच्या कामाने अधूनमधून मुंबईला जावं लागतं. वर्षभरापासून निघायच्या दिवशी सकाळी पोटात कळा, तीन-चारदा जाऊन यावं लागतं, तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. मध्यंतरी कसारा घाटात गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि छातीत धडधड, घाम, हाताला मुंग्या, 'आता आपण जातोय' असं वाटलं. ईसीजी, सोनोग्राफी, रक्ततपासणी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आयबीएस (तपासणीत दोष न दिसता आतड्याचं काम बिघडवणारा आजार) आहे, टेन्शन घेऊ नका. घरचे म्हणतात, गॅस वर चढला. आणि तुम्ही विचारताय, हे पोटाचं की मनाचं, आधी कोणाकडे जाऊ?

मी डॉक्टर नाही. नाशिकरोडला राहते, आयबीएस बरीच वर्षं सोबतीला आहे आणि पॅनिकही (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) मधली काही वर्षं मुक्कामाला होतं. खाली जे लिहितेय ते थोडं वाचलेलं, थोडं डॉक्टरांना छळून विचारलेलं आणि उरलेलं अंगावर निघालेलं.

घरच्यांचं निदान आधी बाजूला ठेवा. आतड्यातला वायू छातीत किंवा डोक्यात चढायला रस्ताच नाही. पोट फुगलं की छातीखाली दडपल्यासारखं होतं, एवढंच त्यात खरं.

आता पोट की मन. यावर मी एके काळी खूप डोकं खपवलंय. ऑस्ट्रेलियात लोकांच्या एका मोठ्या गटाचा १२ वर्षं पाठपुरावा केला होता. सुरुवातीला ज्यांना फक्त पोटाचा त्रास होता त्यांच्यात पुढे चिंतेचं प्रमाण जास्त निघालं, आणि ज्यांना फक्त चिंता होती त्यांच्यात पोटाचा त्रास जास्त निघाला. २०२१ साली आयबीएस असलेल्या ५० हजारांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यातही आयबीएसशी जोडलेली काही जनुकं चिंता-नैराश्याशीही जोडलेली दिसली. म्हणजे दोन्ही त्रासांची मुळं काही ठिकाणी एकच आहेत. तुमच्या बाबतीत सुरुवात कुठून झाली हे कदाचित कधीच कळणार नाही आणि उपचाराला त्याने फारसा फरकही पडत नाही. वैद्यकातसुद्धा २०१६च्या रोम-४ निकषांपासून (अशा पोटाच्या आजारांचं निदान ज्यावरून करतात ते) या आजारांना 'आतडं आणि मेंदू यांच्या देवाणघेवाणीतला बिघाड' असंच म्हणतात.

देवाणघेवाण म्हणजे नेमकं काय, तर मेंदू घाबरला की सीआरएफ नावाचं रसायन सोडतो. ते जठराचं काम मंदावतं आणि मोठ्या आतड्याचं वाढवतं. म्हणून निघायच्या वेळी घास खाली उतरत नाही आणि त्याच वेळी संडासची घाई लागते. त्यात उठल्यावर आणि चहा-नाश्ता पोटात गेल्यावर मोठं आतडं सगळ्यांचंच जोरात चालतं. तुमची गाडी नेमकी त्याच वेळी दारात उभी असते. उलट दिशेनेही निरोप जातातच. मेंदूपासून पोटापर्यंत जी व्हेगस नस आहे तिच्यातले बहुतेक, साधारण ८० टक्के, तंतू खालून वर बातमी नेणारे आहेत. आणि आयबीएसवाल्यांच्या आतड्याला कळतंही जास्त. गुदाशयात छोटा फुगा हळूहळू फुगवून संशोधकांनी हे कधीच पाहून ठेवलंय. इतरांना ज्या ताणाचं काही वाटत नाही तिथे आपल्यातल्या बऱ्याच जणांना कळ येते. दुखणं कल्पनेतलं नाही, हे घरच्यांनाही वाचून दाखवा. (शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं हेही खरं. पण ते रक्तातून मेंदूत पोचत नाही, त्यामुळे 'आतडं खूश तर मूड खूश' छापाच्या रील्स बघून महागडी प्रोबायोटिक्स मागवू नका.)

घाटात जे झालं ते मात्र वेगळं समजून घ्या, कारण तिथेच सगळा फास आहे. तुमच्या वर्णनावरून मला दिसतं ते असं. पोटात नेहमीसारखीच एक कळ आली असणार. पुढे ट्रकांची रांग, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, संडास कुठेच नाही. 'इथे लागली तर?' हा विचार आला, श्वास वर वर आणि भराभर सुरू झाला. असा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिरतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते. मुंग्या आल्या म्हणून हार्ट अटॅकची भीती, भीतीने श्वास आणखी जोरात, पोटात आणखी कालवाकालव. ही लाट सहसा काही मिनिटांत कळसाला जाते आणि मग उतरते. पॅनिक अटॅकच्या अधिकृत लक्षणांच्या यादीत मळमळ आणि पोटातली अस्वस्थता आहेच, त्यामुळे त्या वेळचं पोट कुठल्या खात्यात धरायचं हा प्रश्नच फुकटचा.

अटॅकने जितकं बिघडलं नाही तितकं त्यानंतरच्या खबरदारीने बिघडतं. आदल्या रात्री न जेवणं, रिकाम्या पोटी निघणं, जुलाब थांबवायची गोळी 'असू दे' म्हणून आधीच घेणं, घोटी-इगतपुरीच्या प्रत्येक हॉटेलपाशी गाडी थांबवणं, पुढे पुढे मुंबईचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू त्यातून शिकतो की घाट खरोखरच धोक्याचा होता. मग नाशिकमधला द्वारकेचा सिग्नलही जड वाटायला लागतो. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, डब्यात संडास असतो, असा सल्ला तुम्हाला इथे कोणीतरी देईलच. सुरुवातीचे काही महिने जरूर पकडा, पण रस्ता कायमचा सोडू नका. मला विचाराल तर औषध-पथ्यापेक्षा हे टाळणं कमी करण्यावर सगळ्यात जास्त जोर द्यायला हवा. सीबीटीमध्ये (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या मानसोपचारात) हेच पायरीपायरीने करून घेतात. आधी घोटीपर्यंत न थांबता, मग इगतपुरी, मग घाट उतरून परत. आयबीएसला सीबीटीचा उपयोग होतो याचे चांगले पुरावे आहेत. अटॅक आलाच तर श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांबवा. 'खोल श्वास घे, खोल श्वास घे' असं शेजारच्याने ओरडलं तर तो आणखी भराभर घेतला जातो. आणि चक्कर-मुंग्यांची भीती असताना कपालभाती तूर्त नको, साधा अनुलोम-विलोम बरा.

आता पोटाकडे. सुरुवात उलटी-जुलाबाच्या एखाद्या जोरदार आजारानंतर झाली का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. कॅनडात वॉकरटन गावी २००० साली नळाचं पाणी दूषित झालं होतं, तिथल्या बऱ्याच जणांना पुढे वर्षानुवर्षं आयबीएस राहिलं. विष्ठेतून रक्त, विनाकारण वजन घटणं, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर किंवा आतड्यांना सूज येण्याचा आजार, यातलं काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञांकडे जा, त्यात दिरंगाई नको. यातलं काही नसेल तर तुमच्या वयात कोलोनोस्कोपीची सहसा गरज पडत नाही. थायरॉइड, सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी आणि विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज कळण्यासाठी) राहिलं असेल तर विचारा. थायरॉइडचं संप्रेरक वाढलं तर जुलाब आणि धडधड दोन्ही होतात, म्हणून ती तपासणी तर हवीच.

खाण्याचं विचारलंत. नाशिककराला सांगायला जीवावर येतं, पण मिसळ हा आयबीएसचा बाजारहाटच आहे. मोड आलेली मटकी, तर्रीत वाटलेला कांदा-लसूण, वर कच्चा कांदा, गव्हाचा पाव, सोबत दही किंवा ताक. आतड्यात आंबून वायू करणाऱ्या शर्करांचे बहुतेक प्रकार एकाच ताटात. शिवाय तेल आणि तिखट. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने बसवलेला लो-फॉडमॅप आहार याच शर्करांवर आहे. पण तो दोन ते सहा आठवडेच पाळायचा, नंतर एकेक पदार्थ परत आणून आपल्याला काय बाधतं ते ठरवायचं. जन्मभर पाळायला तो नाही, आणि चिंतेचा स्वभाव असलेल्याने तर आहारतज्ज्ञाशिवाय करूच नये, नाहीतर ताटातल्या प्रत्येक गोष्टीची भीती बसते. मिसळ रविवारी, घरी असताना, अर्धी खा. मुंबईला निघायच्या सकाळी मऊ भात किंवा तांदळाची पेज खाऊन निघा, उपाशी नको. इसबगोल थोड्यापासून सुरू करून रोज घेतला तर जुलाब आणि बद्धकोष्ठ दोन्हीकडे उपयोगी पडतो. कोंडा मात्र नको, त्याने फुगारा वाढतो.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी नक्की वाचा. पोटाच्या म्हणून मिळणाऱ्या काही स्ट्रिप्सवर क्लिडिनियमबरोबर (हे पोटातल्या कळांवरचं) क्लोरडायझेपॉक्साइड लिहिलेलं असतं. दुसरं नाव झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांच्या जातीतलं आहे, क्लोनॅझेपामचं भावंड. बरं वाटतं, मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून देत राहतो आणि सवय लागते. महिनोन्महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या. दुसरं, ॲमिट्रिप्टिलिन किंवा एसएसआरआय गटातलं औषध (दोन्ही मुळात नैराश्यावरची) लिहून दिलं तर 'मला वेडा ठरवलं' म्हणून परत येऊ नका. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलिनने आयबीएसचा त्रास कमी झाला होता. नैराश्याला देतात त्यापेक्षा हा डोस बराच कमी आहे, पण पॅनिकला तो पुरेलच असं नाही. एसएसआरआय पॅनिकला चांगलं लागू पडतं, फक्त पहिले आठवडा-दोन आठवडे मळमळ, पातळ शौच आणि अस्वस्थता वाढू शकते. आपल्यासारखे बरेच जण नेमके तेव्हाच गोळी सोडतात. 'माझं पोट असं आहे, कमी डोसने सुरू करा' असं आधीच सांगा.

आधी कोणाकडे? तपासण्या झाल्यात, त्यामुळे एक भेट पोटविकारतज्ज्ञांची आणि त्याच महिन्यात एक मानसोपचारतज्ज्ञांची. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवा, नाहीतर एकाच जातीच्या दोन गोळ्या दोन नावांनी सुरू होतात. खर्चाचा प्रश्न असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जाताना दोन आठवड्यांची वही न्या : काय खाल्लं, कितीदा गेलात, आणि त्या दिवशी कुठे जायचं होतं. तिसरा रकाना विसरू नका, डॉक्टर बहुधा तोच आधी वाचतील.