'उघडीप' चांगली की वाईट?

रत्नागिरीहून नोकरीसाठी सोलापुरात आलेल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "'पावसानं उघडीप दिली' हे आमच्याकडे हायसं वाटून म्हणतात. इथल्या सहकाऱ्याने तेच वाक्य तोंड पाडून म्हटलं. सोलापुरात या शब्दाचा अर्थ वेगळा आहे का?"

अर्थ तोच, पडता पाऊस थांबणं. सुटका वाटावी की घोर लागावा, हे बोलणारा कुठे वाढला त्यावर. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, इथे ६०० च्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. आठ-आठ दिवसांची झड बघत मोठं झालेल्याला पावसाळ्यात कोरडा दिवस हाच अपवाद. इथल्या पोरानं घरातल्या थोरांना जुलैभर आभाळाकडे बघताना पाहिलेलं असतं.

म्हणून इकडचा खरा शब्द 'ओढ'. 'पावसानं ओढ दिली.' उघडीप म्हणायला आधी पाऊस पडत असावा लागतो. ओढ म्हणायला आपण त्याची वाट बघत असावं लागतं. तेच दहा कोरडे दिवस तुमच्या लेखी उघडीप, सहकाऱ्याच्या लेखी ओढ. (बातम्यांत सरसकट 'उघडीप' छापतात, तिथून ती त्याच्या तोंडी आली असावी.)

पण अख्खं सोलापूर एका सुरात बोलतं असंही नाही. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, रंगवलेलं सूत वाळत घालणाऱ्याला उघडीप हवीच असते. शेतकऱ्याचंही तसंच. जिल्हा मुळात रब्बीचा, ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसावर. हस्त धो धो कोसळला की काळ्या रानात पाय ठरत नाही, पेरणीची तिफण कुठली चालायला? जुलैत उघडीप म्हटलं की धास्तावणारा माणूस तेव्हा "जरा उघडीप दे बाबा, वाफसा येऊ दे" म्हणून हात जोडतो. (वाफसा म्हणजे पेरता येईल इतपतच रानात ओल राहणं.)

हर्ष-खेद नसलेला शब्द हवा असेल तर 'खंड'. तो पीकविम्यातला, दिवस मोजून येणारा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये विम्याच्या भरपाईपायी '२१ दिवसांचा खंड' गावोगाव तोंडपाठ झाला होता. बांधावर एरवी तो ऐकू येत नाही.

तुमच्या सहकाऱ्याला त्याचं रान कुठं आहे ते विचारा. बार्शीकडचा असेल तर खरिपातलं सोयाबीन-उडीद माना टाकत असणार. मंगळवेढ्याचा निघाला तर त्याची ज्वारी अजून पेरायचीच आहे, मग तोंड पाडायचं कारण दुसरं काही असेल.