इमारतीत पृथ्वीची वक्रता शोधायची आहे? आधी आकडा मांड

किलोमीटरमधल्या अंतराचा वर्ग करून 7.85 ने गुण, तेवढ्या अंतरात पृथ्वी किती खाली वळते ते सेंटिमीटरमध्ये मिळेल. 100 मीटरच्या हॉलला ते जेमतेम 0.8 मिलिमीटर येतं. फरशीचाच चढउतार त्याहून जास्त असतो, म्हणून लांब जागा निवड. पाण्याची नळी लावू नकोस, पाणी स्वतःच वक्रतेसोबत वळतं! लेव्हल (आडवी रेषा पाहायचं दुर्बिणीचं यंत्र) मधोमध ठेवलीस तरी दोन्हीकडची चूक सारखी होऊन वक्रता निघून जाते. एका टोकाला ठेव, पण आधी टू-पेग टेस्ट (दोन खुंट्यांमधली उंची मधून आणि टोकाजवळून मोजून ताडणं) करून यंत्राची चूक काढ. हवेतल्या वक्रीभवनाने, म्हणजे प्रकाश वाकल्याने, परिणाम साधारण सातव्या हिश्शाने घटतो, तापलेल्या जमिनीवर तर त्याचा भरवसाच नाही.

मला सर्वांत आवडतो तो इंग्लंडमधला हंबर पूल. मधला गाळा 1410 मीटरचा, दोन्ही मनोरे ओळंब्यात उभे, तरी माथ्यांमधलं अंतर पायथ्यापेक्षा 36 मिलिमीटर जास्त. कारण प्रत्येक ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे ओढला जातो. अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या 4 किलोमीटरच्या सरळ बाहूंसाठी तर मीटरहून जास्त वक्रता हिशेबात घ्यावी लागली. आपल्या हिंगोलीत होणाऱ्या लायगोचे बाहूही तेवढेच लांब असतील.