कुत्र्याच्या तीन महिन्यांच्या पिल्लाच्या पायाचे बोट मोडले आहे. ते सारखे रडते आणि पट्टी चावते. घरचे म्हणतात, पट्टी काढून टाका. काय करावे? आणि पट्टी किती दिवस ठेवावी?

पट्टी काढू नका. आपल्या प्रश्नातील ‘घरचे म्हणतात’ हे दोन शब्द वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो आहे, कारण आमच्या घरी असे म्हणणारे माझे थोरले बंधू होते, आणि ते नुसते म्हणून थांबले नाहीत, तर कात्री घेऊन बसले.

आमचा बंडू तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. मी कामावरून परतलो की तो स्कूटरभोवती नाचत असे. एके संध्याकाळी मी मधला स्टँड टेकवून स्कूटर मागे ओढली, तेव्हा त्याचा उजवा पुढचा पंजा त्या स्टँडखाली होता. (दादांना आजही एवढेच ठाऊक आहे की त्याला फाटक लागले.) रात्र कशीबशी काढली आणि सकाळी त्याला नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. दोन बाजूंनी एक्स-रे काढल्यावर कळले की मधल्या दोन बोटांपैकी एकाचे हाड मोडले आहे. कुत्रा आपल्यासारखा टाच टेकून चालत नाही, तो बोटांवर चालतो, आणि त्यातही शरीराचा बहुतेक भार मधल्या दोन बोटांवरच येतो. म्हणून ‘एक बोटच तर आहे’ असे म्हणणाऱ्याने आधी कुत्र्याची चाल पाहावी. एकच बोट मोडले असेल तर शेजारची बोटे त्याला आधार देतात, ही त्यातली जमेची बाजू. डॉक्टरांनी स्प्लिंट (मोडलेले हाड हलू नये म्हणून लावायचा कडक आधार) घालून मनगटाच्या वरपर्यंत पट्टी बांधली, पण मधल्या दोन बोटांची टोके मुद्दाम उघडी ठेवली. एवढ्या लहान पिल्लाचे हाड साधारण तीन ते सहा आठवड्यांत जुळते. मोठ्या कुत्र्याला दोन-तीन महिनेही लागतात. आपल्या ‘किती दिवस’ या प्रश्नाचे उत्तर इतकेच आहे, आणि नेमका दिवस एक्स-रे पाहूनच ठरतो.

नवव्या दिवशी दादा एका लग्नासाठी काटोलहून आले. त्यांची संत्र्याची बाग आहे आणि तिथे राखणीला चार-पाच कुत्री नेहमीच असतात, त्यामुळे कुत्र्यांविषयी त्यांचा शब्द घरात अखेरचा मानला जातो. बंडूला आम्ही पिंजऱ्यात ठेवले होते आणि तो रडत होता. दादा म्हणाले, “कुत्रं पायलं का पोपट? आन् कुत्र्याले कोनी प्लास्टर लावते का बे?” बागेतील एक कुत्रा तीन पायांवर रानडुकरे हाकलतो, हा दाखला त्यांनी जेवताना दोनदा दिला. तो कुत्रा तीन पायांवर का चालतो, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, याची खंत मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी घरी नसताना त्यांनी पट्टी कापली आणि चुना-हळदीचा लेप लावला. घरच्यांनी सांगितले की सुटल्याबरोबर बंडू आनंदाने फरशीभर धावला, आणि दादांनी सर्वांना दाखवून म्हटले, “पाहा, दुखते कुठे?” रात्री पंजा दुप्पट सुजला. हाडाची टोके सरकली होती, पुन्हा स्प्लिंट घालावे लागले, आणि त्या दिवसापासून आणखी चार आठवडे मोजावे लागले. बोट किंचित वाकडे जुळले आहे. दादांच्या मते पट्टी घातलीच नसती तर ते सरळ राहिले असते. गेली चार वर्षे दर दिवाळीला ही चर्चा होते.

रडणे आणि दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण जवळ जाऊन बसल्यावर पिल्लू गप्प होत असेल, जेवत असेल आणि झोपत असेल, तर ते कोंडल्यामुळे रडत आहे, आणि त्याला रडू द्यावे. हे निर्दय वाटेल, पण पिल्लाला दुखत असताना धावू नये एवढी अक्कल नसते. ती आपण पिंजऱ्याच्या रूपाने त्याला पुरवतो. पिंजरा त्याला उभे राहून वळता येईल इतकाच असावा आणि आपली ऊठबस जिथे आहे तिथे ठेवावा. बाहेर काढायचे ते फक्त शी-शूसाठी, तेही गळ्यात पट्टा घालून. चावण्यावर गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर हाच उपाय आहे. पट्टीवर मिरची चोळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

मात्र येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, जी दिवाळीच्या चर्चेत मी कधी मान्य केलेली नाही. पट्टी कापण्याचे दादांनी दिलेले कारण असे होते की तिला वास येत होता. “तुले वास नाही आला का?” असे त्यांनी मला विचारले होते, आणि खरोखरच आला नव्हता, कारण नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा असताना बंडूचा पिंजरा मी कौतुकाने कूलरसमोर ठेवला होता, आणि ताट्यांच्या ओल्या दर्पात दुसरा कोणताही वास मला वेगळा कळत नव्हता. त्या ओलसर हवेने पट्टी आतून दमट झाली होती आणि बोटांमधली कातडी पांढरी पडली होती. म्हणजे पट्टी बदलायलाच हवी होती. दादांनी ती कापण्याऐवजी मला फोन करायला हवा होता, आणि मी ती रोज हुंगायला हवी होती.

तेव्हा पट्टी रोज पाहा. उघड्या ठेवलेल्या बोटांची नखे एकमेकांपासून दूर सरकलेली दिसली, बोटे गार लागली, पट्टी घसरली, ओली झाली किंवा तिला वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाहेर नेताना दुधाची रिकामी पिशवी पट्टीवर चढवा आणि घरात येताच काढा, कारण कुत्र्याला घाम मुख्यतः पंजाच्या गाद्यांतूनच येतो. शिवाय पिल्लू वाढत असते, पट्टी वाढत नाही. ती दर आठवड्याला किंवा डॉक्टर सांगतील तशी त्याहून लवकर बदलून घ्यावी लागते.

दोन गोष्टी आणखी. माणसांची वेदनाशामके देऊ नका; आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरतात. पिल्लांच्या आहारावर असलेल्या पिल्लाला कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. मोठ्या जातीचे असेल तर जादा कॅल्शियमने वाढती हाडे उलट बिघडतात. आपण जात लिहिलेली नाही, आणि मोडलेले बोट पुढच्या पायाचे की मागच्या, मधले की कडेचे, हेही लिहिलेले नाही, म्हणून माझे सांगणे आपल्या डॉक्टरांच्या सांगण्याहून वेगळे असेल तर त्यांचेच माना. पट्टी निघाल्यावर पहिले काही आठवडे गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरा, आणि त्या पायाची नखे आधी कापून घ्या. ती इतके दिवस झिजलेली नसतात, आणि लांब नखाने टेकलेले बोट पुन्हा वाकडे पडते.