रोज शट डाउन, तरी रोज रखडपट्टी

प्रश्न : माझा लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. अनुवादाचं सगळं काम त्यावरच चालतं. हल्ली सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं घेतो आणि फाइल उघडली की गोल चकती फिरत राहते. रोज काम संपलं की शट डाउन करते, दर रविवारी डिफ्रॅग करते, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे जवळ आणते. वेग वाढवणारी तीन मोफत क्लीनर सॉफ्टवेअरंही टाकलीत. एकाने १,२०० चुका दुरुस्त केल्याचं सांगितलं, पण फरक शून्य. नवीन लॅपटॉप घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. आधी ती तिन्ही क्लीनर काढून टाका. अशी बरीच सॉफ्टवेअरं विंडोजबरोबर आपणहून सुरू होतात आणि दिवसभर मेमरीत (रॅममध्ये) ठाण मांडून बसतात. झाडलोटीला ठेवलेल्यांनीच घर अडवायचं, तसला प्रकार. त्या १,२०० ‘चुका’ बहुधा रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोज आपली आणि प्रोग्रॅम्सची सेटिंग्ज जिथे नोंदवते त्या वहीतल्या, जुन्या, बेवारस नोंदी असणार. तिथल्या लाखो नोंदींत हजार-बाराशे फालतू निघाल्या तरी वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. मायक्रोसॉफ्टही रजिस्ट्री क्लीनर वापरायला सांगत नाही. मी स्वतः एकदा या मोहात पडलो होतो. दुसऱ्या दिवशी संगणक माझा स्कॅनर ओळखेना. तो पुन्हा चालू करण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलंत की खाली ‘अप टाइम’ दिसेल, म्हणजे विंडोज सलग किती वेळ चालू आहे ते. तुम्ही रोज शट डाउन करता, तरी तिथे वीस-पंचवीस दिवसांचा आकडा दिसला तर दचकू नका. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तीच परत उचलते. त्यामुळे एखादा ड्रायव्हर (प्रिंटर, वाय-फाय असे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) आत अडखळलेला असला, तर तो दुसऱ्या दिवशीही तसाच अडखळत उठतो. ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. शट डाउनने जुनंच परत येतं आणि रीस्टार्टने सगळं नवं होतं, हे उलटंच वाटतं, पण आहे तसं. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करत जा.

त्याच खिडकीत डिस्कवर क्लिक करा. बहुतेक संगणकांत तिथेच एचडीडी (फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क) की एसएसडी (चिपवर साठवण करणारी डिस्क) ते लिहिलेलं असतं. माझा अंदाज एचडीडीचा आहे, आणि फाइल उघडताना तिचा वापर १०० टक्क्यांना टेकत असणार. लॅपटॉपमधल्या बऱ्याच हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. सुरू होताना विंडोजला हजारो छोट्या फाइली ठिकठिकाणाहून गोळा कराव्या लागतात. प्रत्येक वेळी वाचणारं हेड जागा शोधतं, मग तबकडी फिरून तिथे येण्याची वाट बघतं. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, त्यामुळे ही वाट बघणं उरत नाही. जुन्या यंत्रावर खर्च करायचाच तर माझ्या मते पहिला खर्च एसएसडीचा. मेमरी ४ जीबी असली आणि वाढवता येत असली, तर त्यानंतर ती.

आत आधीच एसएसडी असेल, तर रविवारचं व्रत सोडा. तिला डिफ्रॅगचा उपयोग नाही, उलट विनाकारण लिखाण होऊन झीज होते. डिस्क कुठलीही असो, तिला हवी ती देखभाल ठरल्या वेळी आपणहून करण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच चालू असते.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नका. जुनी हार्ड डिस्क एकाएकी मंदावली, किंवा आतून कट-कट असा आवाज येऊ लागला, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि अनुवादाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. मरू घातलेली डिस्कही आधी अशीच रखडते.

उरलेली कामं दहा मिनिटांची. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून नको ते डिसेबल करा. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, नुसता आपणहून सुरू होत नाही. अँटिव्हायरसला तेवढा हात लावू नका. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल, तर सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन तात्पुरत्या फाइली काढा. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. तिथे खूण करण्याआधी आत काय आहे ते बघा. लोकांनी तिथेच वर्षानुवर्षांची कागदपत्रं साठवलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझा लॅपटॉप सुरू होतो झटकन, पण अर्ध्या तासात पंखा घोंघावू लागतो आणि सगळं संथ होतं. व्हायरस असेल का?

उत्तर : एकदा स्कॅन करून घ्या, पण माझा संशय धुळीवर आहे. तापमान फार वाढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. गादीवर ठेवून वापरत असाल, तर खालच्या जाळ्या झाकल्या जातात, तेही थांबवा. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, दाबलेल्या हवेच्या डब्याने जाळीत थोडे थोडे फवारे मारा. पंख्याचं पातं दिसत असेल, तर ते काडीने अडवून धरा, हवेने भन्नाट फिरू देऊ नका. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या स्थिर विजेने आतले भाग बिघडू शकतात. इतक्यानेही तापला, तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर नेणाऱ्या भागाकडे पोचवणारा लेप) वाळली असेल. ती बदलणं सराव नसलेल्याने घरी करण्यासारखं काम नाही.