जुन्या लष्करी जीपची प्रथमोपचार पेटी मिळतेय. अस्सल आहे हे कसं ओळखायचं आणि रंगवून घ्यावी का?

तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, 'जीप १९४४ ची आहे, पेटीतलं सगळं कुजलंय, ते फेकून डबा रंगवून घेईन म्हणतो.' ते वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. फेकू नका. रंगवूही नका.

आमचं घर ठाण्यात, नौपाड्यात. २००८ च्या पावसाळ्यात शीळफाट्याजवळ एका भंगारवाल्याकडे जुन्या रेडिएटरांच्या ढिगात मला हिरव्या पत्र्याची पेटी दिसली. अमेरिकी, मोटार वाहनासाठीची, १२ युनिटची, म्हणजे आत १२ खोक्यांची जागा असलेली. मोठ्या गाड्यांना २४ ची असते. हा माल आपल्या पट्ट्यात अधूनमधून निघतो. उल्हासनगर म्हणजे युद्धकाळातला कल्याण कॅम्प, त्यामुळे तिथून तो पसरला असावा असा माझा अंदाज. भंगारवाल्याने ३०० रुपये घेतले.

आत एका मापाची पुठ्ठ्याची खोकी उभी रचलेली होती. १२ पैकी ७ शिल्लक. डोळ्यावरची पट्टी, त्रिकोणी पट्टी, भाजल्यावरचं मलम, आयोडीनच्या काचेच्या नळ्या. आणि जखमेवर दाबून बांधायच्या पट्ट्यांचं एक खोकं कुणीतरी उघडून पुन्हा चिकटपट्टीने बंद केलेलं. त्यावर पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलं होतं, 'एक वापरली'. कुणाला तरी लागलं होतं, कुणीतरी बांधलं होतं, आणि तेवढ्या धावपळीतही पुढच्याला कमी पडू नये म्हणून नोंद करून ठेवली होती. ते खोकं मी महिनोन् महिने रोज काढून बघायचो.

पुढच्या मे महिन्यात कामानिमित्त पंधरा दिवस नागपूरला गेलो. परत आलो तर पेटी माळ्यावर नाही. दादाने ती एका जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी 'तयार' केली होती. सातही खोकी घंटागाडीत. झाकणावरची अक्षरं पॉलिशपेपरने घासून साफ, वर चकचकीत हिरवा ऑइलपेंट आणि मधोमध लाल क्रॉस. मला म्हणाला, "अरे, मुदत संपलेली औषधं कशाला घरात? पोरं आहेत. आणि डबा बघ कसा उठून दिसतोय." वहिनीसुद्धा गप्प उभी होती, तिला कळलं होतं. मी त्या दिवशी जेवलो नाही.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे, संग्रह डब्याचा असतो, कापसाचा नाही. मी म्हणतो, रिकामा डबा कुठलाही पत्रेवाला वाकवून देईल. वाहनपेटीची सगळी अक्कल आतल्या मांडणीत आहे. प्रत्येक वस्तू एका ठरलेल्या मापाच्या खोक्यात बसवायची, जास्त जागा लागली तर दुप्पट खोकं, म्हणजे कुठलंही काढून कुठलंही भरता येतं. हे खोकी नसलेल्या डब्यावरून कुणाला समजणार?

ओळखायचं म्हणाल तर रंगाकडे नाही, आकड्यांकडे बघा. युद्धकाळच्या अमेरिकी वैद्यकीय मालावर ५ किंवा ७ आकडी नंबर असतो. ११ आकडी नंबर ४-३-४ अशा गटांत असेल तर माल पन्नाशीच्या दशकातला किंवा त्यानंतरचा, आणि १३ आकडी असेल तर १९७४ नंतरचा. सुरुवातीला ६५४५ दिसलं तर तो याच नव्या पद्धतीतला वैद्यकीय पेट्यांचा गट, मग विकणारा १९४४ सांगो नाहीतर १९४२. चोरबाजारात अशा पेट्या युद्धातल्या म्हणून खपवतात. तुमच्या जीपमध्ये पेटीची जागा डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर. तिथला ब्रॅकेट शाबूत असेल तर आधी माप जुळवून बघा.

गंज पसरत असेल तर मऊ ब्रशने झाडा, वर पातळ मेण लावा, बस. ठाण्याच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला. लाल क्रॉस तर नव्याने रंगवूच नका. माझ्या पेटीवर तो मुळात नव्हताच, शिवाय १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने ते चिन्ह परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. हेही दादाला मी तेव्हाच दाखवलं होतं.

आता एक सांगायला हवं, आधीच सांगायला हवं होतं. आतलं सगळंच्या सगळं ठेवायचं नसतं. आयोडीनच्या दोन नळ्या फुटल्या होत्या आणि झाकण आतून खात होत्या, तेवढं दादाचं बरोबर. नळ्या काढायच्या, खोकं ठेवायचं. मॉर्फिनची सुईवाली छोटी ट्यूब निघाली तर ती घरात ठेवू नका, वकिलाला विचारून रीतसर पोलिसांकडे द्या. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा तिचं वय बघणार नाही. भाजल्यावरच्या फार जुन्या पट्ट्यांवर पिक्रिक ॲसिड लिहिलेलं असेल तर हलवूसुद्धा नका, थेट पोलिसांना कळवा. ते सुकलं की स्फोटक होतं. आणि यातलं काहीही खऱ्या जखमेला लावायचं नाही. गाडीत वापरायला नवी पेटी वेगळी ठेवा.

झाकण उघडल्या उघडल्या, काही न हलवता, आतले फोटो काढा. नंबर दिसेल असा एक इथे टाका, काळ सांगतो. नंबर अस्पष्ट असला तरी ओल्या फडक्याने पुसू नका, बाजूने बॅटरीचा उजेड टाकून बघा.