बागेतल्या पत्र्याच्या खोलीत रात्री मांजरासारखं मोठं जनावर राहायला आलंय, पिल्लांचाही आवाज येतो. त्याला हाकलायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की जनावर मांजरापेक्षा लांबट आणि काळपट आहे, शेपूट जवळजवळ अंगाइतकी लांब. पहाटे पत्र्यावर धप्पकन आवाज होतो आणि पाण्याच्या टाकीवर बियांनी भरलेली विष्ठा सापडते. हे उदमांजर. कांडेचोरही म्हणतात. आमच्या गल्लीत त्याला मसन्याऊद म्हणत, आणि ते स्मशानात मढी उकरतं अशी गोष्ट लहान मुलांना सांगत. प्रत्यक्षात त्याचं पोट भरतं ते मुख्यतः फळांवर. जोडीला उंदीर, किडे वगैरे.

बिबट्याचं पिल्लू नाही ना, ही शंका तुम्ही लिहिली नसली तरी मनात असणारच. नाशिकमध्ये राहून ती येणार नाही असं कसं होईल? आमच्याकडे हल्ली पाचोळा वाजला तरी पहिलं नाव बिबट्याचंच निघतं. ओल्या मातीत ठसा बघा. चार बोटांच्या रुंदीएवढा किंवा त्याहून मोठा, गोलसर आणि नखांची खूण नसलेला असेल, तर बागेत जाऊ नका, आधी वनविभागाला १९२६ वर फोन करा. बाकी मी सांगतेय ते फक्त उदमांजराबद्दल.

आमचं घर आनंदवलीला, मागे दोन चिकू आणि एक पेरू. कोपऱ्यात माळ्याचं सामान ठेवायची कौलारू खोली आहे. एका उन्हाळ्याच्या तोंडावर त्या खोलीतून विचित्र वास यायला लागला. घाण नव्हे, उलट इगतपुरीकडचा इंद्रायणी चुलीवर शिजतोय असा. आई दोनदा शेजारच्या काकूंना विचारून आली, भात टाकलाय का म्हणून. मग टाकीच्या झाकणावर चिकूच्या बिया दिसल्या, सहा-सात, काळ्याभोर, धुऊन ठेवल्यासारख्या चकचकीत. (आईने त्यातल्या दोन कुंडीत खोचल्या. एक उगवली. कलम नसल्यामुळे फळ कधी धरेल देव जाणे.)

तेव्हा मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मिस्त्रीला बोलावून भरदुपारी भिंतीवरची फट विटांनी बुजवली. ही जनावरं दिवसा झोपतात, त्यामुळे मला वाटलं होतं आत कुणी असेल तर आवाज करेल. आवाज झाला नाही. मादी बहुतेक त्या दिवशी दुसरीकडे झोपली होती. रात्री दहाला ती आली आणि पहाटेपर्यंत कौलं खरवडत राहिली. आतून पिल्लांची बारीक चिवचिव. उजाडताच मीच पहारीने दोन विटा काढल्या, आत हातही घातला नाही आणि बाजूला झाले. त्या रात्री ती आत गेली आणि पुढे सात आठवडे तिथेच राहिली.

तुमचाही पहिला उपाय तोच: थांबायचं. साधारण दोन-तीन महिन्यांत पिल्लं आईमागे फिरायला लागतात. पिंजरा लावून गंगापूर धरणाकडे सोडून येऊ, असं तुमचे मेहुणे म्हणतात ते करू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय पकडणं हा गुन्हा आहे. शिवाय फळं आणि फट दोन्ही शाबूत असतील तर त्या जागी दुसरं येतं. डांबरगोळ्यांनी ते जात नाही, आपलंच डोकं दुखतं.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं असं मात्र नाही. पिकत आलेले चिकू, पपया उतरवून घ्या. खाली पडलेलं फळ संध्याकाळच्या आत उचला. कुत्र्याचं, मांजराचं ताट रात्री बाहेर ठेवू नका. छपरावर टेकलेल्या फांद्या चांगल्या पाच-सहा फूट मागे छाटा. फांदी हाच त्याचा जिना असतो. पिल्लांना हात लावू नका, कोपऱ्यात गाठलं तर आई चावते. कुणाला चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. घरगुती मलमपट्टीत वेळ घालवू नका.

फट बुजवायची घाई नको. चिवचिव थांबल्यावर मी फटीत वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबला आणि खाली चिमूटभर रांगोळी पसरली. पहिल्या दोन रात्री बोळा बाहेर फेकलेला आणि रांगोळीवर पावलं. मग खोलीत दिवसरात्र दिवा जळत ठेवला आणि दुपारी रेडिओ लावला. झोपेच्या वेळी उजेड आणि गोंगाट त्यांना सोसत नाही. हे पिल्लं हिंडती झाल्यावरच करायचं, आधी नाही. त्यानंतर लागोपाठ चार सकाळी बोळा जागच्या जागी. तेव्हा मिस्त्री परत आला. या वेळी विटांऐवजी अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी बसवली, कौलांखालच्या फटींनाही. विटांपेक्षा स्वस्त पडली आणि खोलीत हवाही खेळते.

चिकूंच्या बुंध्यांना आता दोन फूट रुंद पत्रा गुंडाळलाय. पेरू मात्र मोकळा सोडलाय. त्याच्या शेंड्याला आमचा हात तसाही पोहोचत नाही. तिथली फळं तीच खाते, बहुधा तीच असावी, आणि विष्ठा अजूनही आमच्याच टाकीवर टाकते.