तोरणाचे एवढे पैसे?

प्रश्न: ताई, मी मुलुंडला राहते, क्रोशाची तोरणं करते. कौतुक सगळेच करतात पण १५० रुपये म्हटलं की तोंडं वाकडी! महिन्याला फिक्स काही सुटेल का?

उत्तर: अगं आधी तास मोज. लोकर ७० ची आणि ५ तास काम, म्हणजे तुला तासाला १६ रुपये पडतात, वडापाव तरी येतो का त्यात? लोकर क्रॉफर्ड मार्केटकडून होलसेलात आण. तोरणं गणपती-दिवाळीलाच खपणार, म्हणून एरवी बारशाचे सेट धर आणि शनिवारी घरीच क्लास घे, फिक्स पैसा खरा तिथेच. निम्मा अ‍ॅडव्हान्स ओळखीच्यांकडूनही, म्हणजे त्यांच्याकडून तर आधी! उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नकोस.